तोल आणि घाट

फ्रान्समधील राजेरजवाडे व उमराव यांच्या मेजावरील सोनमुलामी रुप्याच्या भांड्यांविषयीं बुलढाणें जिल्ह्यांत बसून लिहावयाचें, हा प्रकार कित्येक वाचकांस आगंतुकपणाचा वाटेल. ज्या मुलखांत एक नक्षत्र कोरडें गेलें कीं घरांतील मीठमिरचीचा हिशेब बदलतो, तेथें ड्यूक-काउंटांच्या सुरयांची व तबकांची चर्चा कशाला, असें कोणीं विचारलें तर तो प्रश्न अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं. परंतु याच जिल्ह्यांत खामगांव आहे, आणि खामगांवास लोक ‘रजतनगरी’ म्हणतात. १८७० सालीं जलंबहून खामगांवास आगगाडीचा फांटा आला. त्याच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः येऊन गेले. गाडी आली ती कापसासाठीं. कापूस विकून हातीं आलेला पैसा रुप्यांत घालून ठेवावयाचा ही कुणब्याची जुनी रीत. त्यामुळें कापसाच्या बाजाराशेजारीं चांदीचा बाजार नांदावा हें स्वाभाविकच होतें. जेथें पिढ्यान्‌पिढ्या रुपें पारखणारे डोळे आहेत, तेथें रुप्याच्या कलेची चर्चा परकी ठरूं नये.

लेखणी उचलण्याचें आमचें खरें कारण मात्र निराळें आहे. या भांड्यांविषयीं आपल्याकडे जें थोडेंबहुत लिहिलें जातें तें दोनच सुरांत. एक सूर भाटाचा आणि दुसरा फौजदाराचा. भाट भांड्यांची संख्या, वजन आणि लिलांवांतील किंमत सांगतो आणि डोळे विस्फारतो. फौजदार तेच आंकडे घेतो आणि मालकावर गुन्हा शाबीत करतो: प्रजा उपाशी असतां हे लोक सोन्याच्या ताटांत जेवत होते, सबब हीं भांडीं निंद्य. १९९६ सालीं न्यूयॉर्कच्या एका लिलांवांत तोमा झेर्में या कारागिरानें १७३३ सालीं घडविलेलें एक झांकणाचें रुप्याचें सूपपात्र एक कोटी डॉलरांहून अधिक किंमतीस गेलें. ही एक बातमी भाटाला पुरते आणि फौजदारालाही पुरते. पण त्या पात्राचें पोट किती फुगवावें आणि कोठें आवरतें घ्यावें हा हिशेब झेर्मेंच्या हातानें कसा केला असेल, याची चौकशी दोघांसही करावीशी वाटत नाहीं. दोघेही मालकाकडे पाहतात. भांड्याकडे कोणीच पाहत नाहीं. आम्हांस प्रथम भांड्याकडे पाहावयाचें आहे. मालकांचा समाचार त्यांतूनच निघेल.

एक कबुली येथेंच देऊन ठेवतों. हीं भांडीं आम्हीं चित्रग्रंथांतून पाहिलीं आहेत. हातांत घेतलेलीं नाहींत. रुप्याची वस्तु चित्रांत पाहणें म्हणजे गाणें कागदावर वाचणें. वजन कळत नाहीं, काठाची जाडी कळत नाहीं, आणि मुलाम्याचा रंग तर छापणाऱ्याच्या शाईवर अवलंबून. शिवाय चित्रांत भांड्याचें मुख दिसतें, बूड कधींच दिसत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

या वस्तूस फ्रेंच लोक ‘व्हर्मेय’ म्हणतात. शब्दाचें मूळ तांबड्या रंगांत आहे. आंत भांडें रुप्याचें, वर सोन्याचा पातळ थर. आणि आंतील रुपेंही हलकें नव्हे. १७९७ च्या कायद्यानें फ्रान्समध्यें पहिल्या प्रतीच्या रुप्याचा कस हजारांत ९५० भाग असा ठरला. मुलामा देण्याची जुनी रीत अशी: सोनें पाऱ्यांत विरघळवून त्याचा लोण्यासारखा लगदा करावयाचा, तो कुंचल्यानें रुप्यावर सारवावयाचा, आणि भांडें विस्तवावर धरावयाचें. पारा वाफ होऊन उडून जातो, सोनें रुप्याला धरून राहतें. मग अकीकाच्या दगडानें घोटून घोटून त्यास चकाकी आणावयाची. हें जितकें सुंदर तितकेंच भयंकर काम होतें. पाऱ्याची वाफ पोटांत जाऊन मुलामा देणाऱ्यांचे हात कांपूं लागत, दांत गळत, आणि बरेचजण अकालीं मरत. राव्हरियो नांवाचा एक पितळी कामाचा पॅरिसचा व्यापारी कारागीर १८१४ सालीं वारला. त्यानें मृत्युपत्रांत ३,००० फ्रँकांचें बक्षीस ठेवलें होतें, तें या वाफेपासून मुलामेकऱ्यांस वांचविण्याची युक्ति काढील त्याच्यासाठीं. दार्से या रसायनशास्त्रज्ञानें धूर ओढून घेणाऱ्या भट्टीची योजना करून तें मिळविलें. आमच्या फौजदारांस उमरावांवर आरोपच ठेवावयाचा असेल तर तो येथें ठेवावा. सोन्यांत जेवल्यापेक्षां, तें सोनें कोणाच्या फुप्फुसांतून गाळून आलें याची विचारपूस एका व्यापाऱ्यानें करावी आणि ड्यूकांनीं करूं नये, हा मोठा गुन्हा होय.

आणि तरीही हा मुलामा केवळ दिमाखासाठीं होता असें समजणें चूक आहे. अंड्यानें रुपें काळें पडतें, फळांच्या आंबट रसानें डागाळतें, आणि मीठ तर रुप्यास खातेंच. म्हणून जेवणाच्या अखेरीस येणाऱ्या फळफळावळीसाठीं व गोडासाठीं ताटें, चमचे, सुऱ्या सोनमुलामी असत. बाकीचा सारा साज पांढऱ्या रुप्याचा असला तरी मिठाच्या वाटीचा आंतला भाग तेवढा सोनेरी असे. आपल्याकडे पितळेच्या पातेल्यांत ताक कळकूं नये म्हणून कल्हईवाला दारोदार फिरे, त्याचेंच हें श्रीमंत भावंड. व्हर्मेय ही उमरावांची कल्हई होय. हें आम्ही थट्टेनें म्हणत नाहीं. ज्या अलंकाराच्या मुळाशीं स्वयंपाकघराची गरज असते तो अलंकार सहसा वांझ होत नाहीं, आणि ज्याच्या मुळाशीं ती नसते त्याचें काय होतें याचेंही उदाहरण याच भांड्यांत सांपडतें.

दोन वस्तु शेजारीं ठेवून पाहूं. पहिली आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. १७२९ सालीं पंधराव्या लुईची राणी मारी लेश्चिन्स्का हिला मुलगा झाला, त्या प्रसंगाची ही पेटी. आंरी-निकोला कूझिने या कारागिरानें ती १७२९-३० मध्यें सजविली. चहा, कॉफी व चॉकोलेट या तिन्ही पेयांचा सोनमुलामी साज आणि त्यासोबत पूर्वेकडून आलेले चिनी मातीचे पेले एका पेटींत बसविलेले आहेत. युवराजास फ्रेंच भाषेंत जो शब्द आहे तोच डॉल्फिन माशासही आहे. म्हणून भांड्यांवर डॉल्फिन खेळतात. कोटी साधी आहे, पण ती भांड्याच्या आड येत नाहीं. चॉकोलेटच्या पात्राची दांडी बाजूस काटकोनांत निघते, कारण आंतील दाट पेय घुसळावें लागतें आणि घुसळतांना भांडें धरावें लागतें. ताकाचा डेरा जिनें धरला आहे तिला हें सांगावयास नको. येथें सोन्याचा थर डोळ्यांत भरत नाहीं. तो उबेसारखा जाणवतो. ही राणीची वस्तु असली तरी बाळंतिणीच्या खोलींतली वस्तु आहे.

दुसरी वस्तु नेपोलियनची. १८०४ सालीं राज्याभिषेकाच्या निमित्तानें पॅरिस शहरानें नव्या सम्राटास जो प्रचंड साज नजर केला त्यास ‘मोठा व्हर्मेय’ असेंच नांव पडलें. घडविणारा आंरी ओग्यूस्त. नग हजाराच्या वर. त्यांत मुख्य मान जहाजाच्या आकाराच्या पात्राचा. जुन्या काळीं राजे लोक विषप्रयोगाच्या भीतीनें आपला रुमाल, मीठ, सुरी हीं अशा पात्रांत ठेवून मेजावर आपल्यापुढें मांडीत. पुढें भीति गेली आणि पात्र उरलें. ज्याच्या पुढें जहाज तो राजा, एवढाच अर्थ त्यास राहिला. क्रांतीनें राजा मारला, जहाजें आटविलीं. आणि दहाबारा वर्षांच्या आंत दुसऱ्या एकानें तेंच जहाज पुन्हा मागवून आपल्या ताटापुढें उभें केलें. ओग्यूस्तचा हात कमी दर्जाचा होता असें नव्हे. पण या पात्रावरील देवता, गरुड, पुष्पमाला या सर्वांस एकच काम आहे, तें म्हणजे साक्ष देणें. आणि साक्षीदारांची फार गर्दी झाली कीं खटला दुबळा आहे अशी शंका येते. मराठींत ‘मुलामा’ हा शब्द आपण ज्या वाईट अर्थानें वापरतों तो अर्थ येथें सोन्यास चिकटतो. त्याच वर्गांतील ओद्यो या कारागिरानें १८१७ सालीं रशियन काउंट देमिदोव्ह याच्यासाठीं केलेल्या साजाविषयीं आमचें मत थोडें अधिक अनुकूल आहे, कारण ओद्योला माणसाच्या आकृतीचें अंग कळतें. परंतु त्याच्या फळाच्या ताटांत फळ ठेवावयास जीव होत नाहीं.

आतां मालकांकडे वळूं. या लोकांनीं आपल्या भांड्यांवर खरोखर प्रेम केलें काय? इतिहास सांगतो कीं नाहीं. निदान अडचणीपुढें तें टिकलें नाहीं. चौदाव्या लुईनें व्हर्सायच्या आरसेमहालांत मेजें, समया, झाडांच्या कुंड्या इत्यादि सारें रुप्याचें सामान मांडलें होतें. बालें यासारख्या त्या काळच्या उत्तम कारागिरांनीं तें घडविलें होतें. १६८९ सालीं लढाईचा खर्च भागेना म्हणून तें सर्व, सुमारें वीस टन, टांकसाळींत गेलें. १७०९ सालीं दुष्काळ आणि लढाई एकदम आलीं, तेव्हां राजानें आपलीं भांडीं पुन्हा पाठविलीं आणि सरदारांनींही पाठवावीं अशी हवा निर्माण झाली. सेंट-सिमों या ड्यूकनें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे कीं, आपण शेवटपर्यंत थांबलों, आणि आपल्यासारखा दुसरा जवळजवळ कोणी उरला नाहीं असें दिसतांच थोडींशीं पाठवून बाकीचीं कुलुपांत टाकलीं. या कबुलीबद्दल आम्हांस त्या ड्यूकचा लोभ वाटतो. दरबारांतील इतर मंडळी राष्ट्रभक्तीच्या गजरांत चिनी मातीच्या भांड्यांवर जेवूं लागली, आणि रूआं गांवच्या कुंभारांस सुगी आली. १७५९ सालीं पंधराव्या लुईनें तोच प्रयोग पुन्हा केला. राहिलें साहिलें क्रांतीनें आटविलें.

याचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. फ्रान्समधील उत्तम जुनें रुपें पाहावयाचें तर फ्रान्सबाहेर जावें लागतें. १७५५ च्या भूकंपांत लिस्बनचा राजवाडा व त्यांतील भांडीं गडप झालीं, म्हणून पोर्तुगालच्या राजानें तोमा झेर्मेंच्या मुलाकडून, फ्रांस्वा-तोमाकडून, नवा साज करविला. तो लिस्बनला टिकला. करणारा मात्र १७६५ मध्यें दिवाळखोर झाला. १७७० सालीं रशियाच्या कॅथेराइन राणीनें रॉतिये बापलेकांस जो अवाढव्य साज सांगितला तो तिनें ओर्लोव्ह या आपल्या प्रियकरास दिला आणि तो मेल्यावर परत विकत घेतला; त्याचे नग रशियन क्रांतीनंतर जगभर पसरले, पण आटले नाहींत. याहून गंमत पुढची आहे. तिसऱ्या नेपोलियननें शंभर पाहुण्यांच्या पंगतीसाठीं ख्रिस्तोफ्ल कंपनीकडून मेजाची आरास करविली, ती विजेच्या नव्या युक्तीनें वरवर रुपें चढविलेल्या हलक्या धातूची. १८७१ सालीं त्वीलरीचा राजवाडा जळाला, आणि ही आरास राखेंतून काढतां आली. आंत रुपें नव्हतें, म्हणून तिला वितळविण्याचा मोह कोणास झाला नाहीं. खरी वस्तु मोलामुळें मेली आणि नकली वस्तु कवडीमोलामुळें जगली.

तोल आणि घाट यांचा हा झगडा आहे. रुप्याच्या प्रत्येक भांड्यांत दोन वस्तु नांदतात. एक तराजूंत घालतां येते, दुसरी येत नाहीं. सुखाचे दिवस असले कीं मालक घाटाचें कौतुक करतो. दिवस फिरले कीं तोलाकडे पाहतो. सराफाच्या बोलींत याला फार नेमका शब्द आहे: जुना दागिना, मग तो कोणत्याही हातानें घडविलेला असो, विकावयास आणला कीं ती ‘मोड’ होते. वस्तु अद्याप मोडलेली नसते. पण तिचें नांव आधींच मोडलेलें असतें.

आपल्या मराठी मुलखांत काय झालें? येथें आम्हांस एक तारीख आठवते. १६६५ च्या जानेवारींत सूर्यग्रहणाच्या पर्वावर शिवाजीमहाराजांनीं महाबळेश्वरीं जिजाबाईंची सुवर्णतुला केली. सोबत वृद्ध सोनोपंत डबीरांचीही केली. ती याच जिल्ह्यांतील सिंदखेडची लेक, लखुजी जाधवरावांच्या वाड्यांत जन्मलेली. चौदावा लुई त्याच सुमारास गादीवर होता, आणि त्याच्याकडे रुप्याच्या सामानाचे नकाशे निघावयाचे ते त्याच पिढींत. एकीकडे मोलाची धातु घाटांत ओतली जात होती, दुसरीकडे ती केवळ तोल म्हणून पारड्यांत पडत होती आणि तेथून ब्राह्मणांच्या व याचकांच्या पदरांत जात होती. तुलेचें सोनें कोणत्याही संग्रहालयांत नाहीं. तें तेथें नसणें हेंच त्याचें सार्थक. आज सिंदखेडास जाणाऱ्यास जाधवांचा वाडा, रंगमहाल, लखुजींची भव्य समाधि, मोती तलाव हें सर्व दगडाचें वैभव दिसतें. धातूचें वैभव शोधूं नये. १६२९ सालीं देवगिरीस निजामशाही दरबारांत लखुजी मुलांसह मारले गेले. अशा घराण्याची भांडीं कोणत्या खिंडींतून कोणत्या टांकसाळींत गेलीं याचा माग कोण काढणार?

नागपूरकर भोसल्यांच्या बाबतींत मात्र तो माग स्पष्ट आहे. वऱ्हाडांत त्यांचा व निजामाचा दुहेरी अंमल होता. आमच्या पूर्वजांच्या वसुलीचा वांटा पिढ्यान्‌पिढ्या नागपुरास जाई, तो १८०३ च्या देवगांवच्या तहानें थांबला. तिसरे रघूजी १८५३ सालीं वारले आणि डलहौसीनें राज्य खालसा केलें. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर विकले गेले, आणि जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन १८५५ मध्यें हॅमिल्टन कंपनीकडून लिलांवांत काढलें. त्या लिलांवाची हकीगत वाचतांना आमच्या मनांत येतें तें असें: दागिन्यांच्या यादींत घालणाऱ्यांचीं नांवें आहेत, घेणाऱ्यांचीं असतील, पण घडविणाऱ्यांचीं नांवें कोठून येणार? आमच्या मतें याच ठिकाणीं फ्रेंच रुप्याचें व आपलें अंतर पडतें. तें श्रीमंतींत पडत नाहीं, अभिरुचींतही पडत नाहीं. तें बुडाशीं पडतें.

चित्रांत न दिसणारें बूड पालथें करून पाहिलें तर जुन्या पॅरिसच्या प्रत्येक नगावर ठशांची एक रांग असते. कारागिराचा स्वतःचा ठसा: राजमुकुट, कमळासारखें फूल, दोन बिंदु, त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें आणि त्याची एक खाजगी खूण. त्याच्याजवळ सोनारांच्या संघाचा ठसा, ज्यांतील अक्षर दरवर्षीं बदले. त्यावरून साल निघतें. आणि आणखी दोन, जकातीच्या मक्तेदारांचे: एक कर लागला म्हणून, दुसरा कर चुकता झाला म्हणून. १७९७ नंतर पद्धत बदलली, कारागिराचें नांव चौकटच्या आकारांत बसूं लागलें. पण बसत राहिलें. आम्हीं वर कूझिने, झेर्में, ओग्यूस्त, ओद्यो अशीं जीं नांवें घेतलीं तीं या ठशांमुळें. हे ठसे कलेच्या प्रेमानें मारले गेले असें कोणी समजूं नये. लबाडी पकडावी आणि कर बुडूं नये यासाठीं ते होते. कलावंताचें नांव इतिहासांत राहावें ही चिंता एकट्या जकातदारानें वाहिली, आणि तीही नकळत.

आपल्याकडे भांड्यावर नांव नसतें असें नाहीं. उलट, नांव घातल्याशिवाय भांडें घरांत घ्यावयाचें नाहीं अशी चाल आहे. भांडीवाला छिन्नीनें टिंबाटिंबांनीं अक्षरें उमटवितो: अमक्याच्या लग्नांत तमक्याकडून आहेर, मिति, गांव. देणाऱ्याचें नांव, घेणाऱ्याचें नांव. तांब्याचा गळा ज्यानें ओढून काढला त्याचें नांव नाहीं. हल्लींचा हॉलमार्क रुप्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो आणि तो उपयोगीच आहे. पण ज्या माणसानें तें ठोकलें तो माणूस त्यांत दिसत नाहीं. खामगांवच्या कारागिरांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं आपापला एक लहानसा ठसा करावा. रुप्याचा भाव त्यानें एका पैशानें वाढणार नाहीं. पण मोड विकत घेणाऱ्याच्या हाताला क्षणभर अडखळण्याचें कारण मिळेल.

कोणी म्हणेल, अडखळून काय करावयाचें? वेळ आली तर वस्तु आटविली पाहिजेच. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. नेपोलियनची दुसरी राणी मारी-लुईझ हिला १८१० सालीं पॅरिस शहरानें व्हर्मेय आणि नीलवर्णी लाजवर्दाचा एक शृंगारसाज दिला होता. आराखडा प्रूदोंसारख्या चित्रकाराचा, काम ओद्यो व तोमीर यांचें. त्या काळची ती सर्वोत्तम कृति होती असें म्हणतात. पुढें ती पार्म्याची डचेस झाल्यावर १८३२ सालीं पटकीच्या सांथींत लोकांच्या मदतीसाठीं तिनें तो साज आटविला. चौदाव्या लुईची आटणी आणि ही आटणी एका पारड्यांत घालतां येत नाहींत. कलेचा इतिहास लिहिणारे दोन्हींबद्दल सारखेच हळहळतात, तें आम्हांस पटत नाहीं. आमच्या गांवांतून मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठीं तोडे, गोठ, वाकी पदराखालीं घालून जी बाई सराफाकडे जाते, तिला घाटाचें महत्त्व सांगण्याची आमची छाती नाहीं. तिच्या तोड्यांचा घाट पॅरिसच्या कोणत्याही फुलमाळेहून सरळ व प्रामाणिक असतो. तरीही तिनें तो विकावा. दुःख आहे तें विकण्याचें नव्हे. त्या तोड्यांची एक नोंद, एक रेखाचित्र, घडविणाऱ्याच्या नांवाचीं दोन अक्षरें हें कांहींच मागें राहत नाहीं, हें दुःख आहे. मारी-लुईझचा साज गेला, पण तो कोणीं केला हें आपणांस माहीत आहे.

मराठी माणसाच्या मेजावर फ्रेंच रुपें आलें काय, असा प्रश्न राहतो. आणि त्याचें उत्तर इंदूरास आहे. यशवंतराव होळकर दुसरे १९२६ सालीं गादीवर आले. तरुण जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस याच्याकडून त्यांनीं १९३० ते ३३ च्या दरम्यान माणिकबाग वाडा सजविला, आणि जेवणाच्या मेजासाठीं पॅरिसच्या झां प्यूईफोर्का याचें रुपें मागविलें. या प्यूईफोर्काचा बाप जुन्या फ्रेंच सोन्यारुप्याचा जगांतील एक थोर संग्राहक. त्यानें जमविलेल्या वस्तु पुढें १९५५ सालीं लूव्रमध्यें गेल्या. जन्मभर झेर्मेंचे व कूझिनेचे नग हातांत खेळलेल्या या मुलानें स्वतः घडवावयास घेतल्यावर फुलें, फळें, देवता, गरुड सर्व पुसून टाकलें. वर्तुळ, शंकु, सरळ रेघ आणि त्यांचें प्रमाण. सोनें घातलेंच तर एखाद्या आंतल्या भागास, किंवा कडेच्या एका पट्टीस. म्हणजे पुन्हा कल्हईच्या जागीं. इतर संस्थानिक त्या काळीं युरोपांतून जें विकत घेत त्याची यादी वाचवत नाहीं. ग्वाल्हेरच्या मेजावर तर दारू व चिरूट वाहणारी रुप्याची आगगाडी फिरे. खेळणें म्हणून आम्हांस ती आवडते, पण तिची गणना कलेंत करवत नाहीं. होळकरांनीं मात्र आपल्या काळचा सर्वोत्तम घाट ओळखला, आणि तोही अशा वयांत कीं ज्या वयांत श्रीमंत मुलें घोडे ओळखतात. उमरावानें कलावंतासाठीं काय करावें, याचें हें दुर्मिळ उदाहरण आहे. त्या वाड्यांतील सामान १९८० सालीं मोनॅकोच्या लिलांवांत गेलें, आणि २०१९ सालीं पॅरिसच्या शोभिवंत कलांच्या संग्रहालयानें या महाराजांच्या अभिरुचीचें प्रदर्शन भरविलें. खुद्द माणिकबागेंत केंद्र सरकारच्या कर-खात्याची कचेरी आली. जकातदार पुन्हा हजर आहेच.

प्यूईफोर्काचीं चित्रें प्रथम पाहिलीं तेव्हां आम्हांस तीं नवीं वाटलीं नाहींत. फुगीर पोट, आंखूड गळा, किंचित् बाहेर वळलेला ओठ आणि वर नक्षीचा एक केसही नाहीं, असा गडू आमच्या आजोळच्या देवघरांत होता. भूमितीचें नांव न घेतां कोण्या अनामिकानें तो ठोकला होता. आज मात्र खामगांवच्या पेठेंत हिंडतांना आम्हांस भय वाटतें. साध्या पेल्यांच्या व वाट्यांच्या जागीं ठशांत दाबून काढलेल्या, वरून सोनेरी पाणी दिलेल्या मूर्ति, चौकटी, भेटीच्या वस्तु यांची गर्दी होत आहे. हा आपला ‘मोठा व्हर्मेय’. त्यांत दुकानदाराचा दोष नाहीं. गिऱ्हाईक साक्षीदार मागतें, भांडें मागत नाहीं. तरीही आंतल्या गल्लींत हातोडीचा आवाज अद्याप येतो, आणि त्या आवाजाच्या दिशेनें गेल्यास एखादें ताम्हन असें सांपडतें कीं ज्याच्या काठावरून बोट फिरवतांच घडविणारा कोठें थांबला आणि कोठें पुढें गेला तें कळतें.

गेल्या ज्येष्ठांत आम्ही अशाच एका दुकानीं बसलों होतों. एक गृहस्थ पेरणीच्या तोंडावर जुनें रुपें घेऊन आले. तोड्यांचा जोड, एक पळी, एक पेला. सराफानें तोडे कसास लावले आणि कांट्यावर टाकले. पेला आम्हीं मागून घेतला. बूड जाड, म्हणजे पंगतींत धक्का लागला तरी कलंडणार नाहीं. ओठ मात्र पातळ, ओठाला लागेल इतकाच. मध्यावर एक रेघ, ती एका दमांत ओढलेली. कोणीं केला असेल, असें आम्हीं विचारलें. त्या गृहस्थांस तें ठाऊक नव्हतें. आईच्या लग्नांतला, एवढें ते म्हणाले. सराफानें हात पुढें केला, आम्हीं पेला दिला. देतांना तो पालथा झाला. बुडावर टिंबाटिंबांनीं ‘मामाकडून’ इतकीच अक्षरें होतीं, आणि पुढें साल होतें तें झिजलेलें होतें.